केळशी : वाळूवरचा मुक्काम

दापोली तालुक्याच्या नकाशावर केळशी शोधायची तर बोट पार उत्तरेला न्यावे लागते, भारजा नदी समुद्राला मिळते तिथवर. नदीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यातली साखरी आणि वेळास, अलीकडच्या काठावर केळशी, आणि गावाच्या दक्षिणेला उटंबरचा डोंगर. खाडी आणि डोंगर यांच्या मधोमध सुमारे तीन किलोमीटर वाळू. मुरूड-हर्णैला गाड्या भरून येणारी गर्दी इथवर फारशी पोचत नाही. केळशी कुठल्या मोठ्या रस्त्यावर लागत नाही, तिथे ठरवूनच जावे लागते.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी. नोकऱ्या, मुलेबाळे, आजारी आईवडील या साऱ्यातून वर्षाकाठी एक मुक्काम उघड्यावर करायचा, हा आमचा नेम. या वेळी माघातल्या वद्य दशमीचा दिवस धरला होता. त्यामागे दोन कारणे. चंद्र पहाटेच्या आधी उगवत नाही, म्हणजे रात्रभर तारे दिसतात. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापासून तिथी लांब असल्याने समुद्र फार आत चढत नाही. आमच्यातली एक मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते, तिचा हा हिशेब.

दापोलीहून एसटीने निघालो. आसूदच्या पोफळीच्या गर्द वाड्या मागे पडल्या, आंजर्ल्याचा पूल आला, कड्यावरच्या गणपतीचा डोंगर उजवीकडे राहिला. पुढे पाडले, आडे करत रस्ता कधी समुद्राला चिकटून, तर कधी सड्यावर चढून उत्तरेकडे सरकत राहतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडेबोडके पठार. माघात तिथले गवत वाळून पिवळे झालेले असते, आणि मधूनच एखाद्या आंब्याच्या मोहराचा वास खिडकीतून आत येतो. डाव्या हाताला समुद्र सतत सोबत करतो. एसटीतल्या शेजारच्या आजींनी आमच्या पाठीवरच्या बोचक्यांकडे पाहून विचारले, "तंबू ठोकणार? कुणाच्या वाडीत?" तंबू कुठे ठोकणार, असे त्यांनी विचारले नाही. कुणाच्या, हे विचारले. केळशीत पुढे जे काही पाहिले, त्याचा धागा या प्रश्नातच होता. या किनाऱ्यावर जागा कुणाची, ती कशी मागायची आणि कशी सोडायची.

गावात उतरलो आणि जांभ्याच्या गडग्यांमधून वळत जाणाऱ्या अरुंद वाटांनी निघालो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, पायाशी पडलेल्या झावळ्या, कुठे अंगणात सोलायला पसरलेली सुपारी. ग्रामपंचायतीत जाऊन आल्याची वर्दी दिली. मग समुद्राच्या बाजूला ज्यांची वाडी आहे, त्या काकांच्या ओटीवर टेकलो. फोनवर आधी बोलणे झाले होते, तरी काकांनी सगळे पुन्हा नीट विचारून घेतले. किती जण, शेकोटी करणार का, गाणी लावणार का. मग म्हणाले, "दर्यावर झोपू नका असं नाही म्हणत मी. पण रात्री त्या वाळूवर येणारे वेगळे. आता कासवांचे दिवस आहेत. तुमचे तंबू वाडीच्या कडेला, सुरूंच्या मागे लावा. वाळू तेवढी मोकळी ठेवा."

काकांच्या वाडीत उंच झाडे विरळ होती आणि माणसाच्या उंचीची रोपे दाट. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची ही खूण. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता, आणि बाणकोटच्या खाडीच्या अलीकडचा मंडणगड-दापोलीचा किनाराही त्याच्या तडाख्यात सापडला. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै इथल्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. "पोफळ पडताना मोडल्याचा आवाज येतो," काका सांगत होते, "पण त्या दिवशी वाराच एवढा, की आवाजसुद्धा आला नाही. वारा थांबल्यावर दार उघडलं, तर समोर थेट दर्या दिसला. या ओटीवरून दर्या मी जन्मात पाहिला नव्हता."

शहरातल्या माणसाला समुद्र दिसणारे घर म्हणजे भाग्य वाटते. काकांना त्या दिवशी समुद्र दिसला, म्हणजे त्यांच्या आजोबांनी लावलेली बाग गेली होती. पोफळीला धरायला पाच-सात वर्षे लागतात, माडाला त्याहून अधिक. भाताचे पीक बुडाले तर पुढच्या पावसात पुन्हा उभे राहता येते. बाग बुडाली की माणसाच्या आयुष्यातली वर्षेच जातात. तरीही काकांनी सत्तरीच्या जवळ आल्यावर पुन्हा रोपे लावली. पहिल्या काही झाडांना आता फळ धरू लागले आहे. आम्ही कौतुकाने काही बोलायला गेलो, तर ते एवढेच म्हणाले, "जागा मोकळी ठेवून चालत नाही. मोकळी ठेवली की वाळू आत येते."

ऊन कलण्याआधी तंबू उभे केले. भुसभुशीत रेतीत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशव्यांत रेती भरायची, त्यांना दोर बांधायचा आणि त्या हातभर खोल आडव्या पुरायच्या. मग वारा कितीही ओढू दे, तंबू हलत नाही. तंबूचे तोंड आम्ही पूर्वेकडे, जमिनीच्या बाजूला ठेवले. दिवसभर समुद्रावरून खारा वारा येतो, पण रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्या मतलई वाऱ्याची झुळूक आत आली की झोप शांत लागते आणि दहिवराचा ओलावाही कमी साचतो. पूर्वीचे मच्छीमार याच वाऱ्यावर शिडे सोडून पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत.

संध्याकाळी महालक्ष्मीच्या देवळात गेलो. जांभ्याचा भक्कम कोट, आत घुमटाकार शिखरांचे पेशवेकालीन धाटणीचे देऊळ, शेजारी तळे. चैत्रात इथे मोठा उत्सव होतो, देवीचा रथ निघतो, आणि मुंबई-पुण्याला गेलेली केळशीकरांची घरे त्या दिवसांत पुन्हा भरतात. याच गावच्या डोंगरावर याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांना ज्या सत्पुरुषांविषयी आदर होता, त्यांत या याकूबबाबांचे नाव घेतले जाते. महाराजांनी त्यांना जमीन इनाम दिली, ही आठवण गावाने जपली आहे. दर्ग्याची वाट विचारली तेव्हा देवळाबाहेर फुले विकणाऱ्या बाईंनीच ती हात करून दाखवली आणि "अंधार पडायच्या आत उतरा हो," असे बजावले. दर्ग्यापाशी वारा घोंघावत होता. खाली गाव, माडांचा हिरवा पट्टा, त्यापुढे वाळूची कड आणि मग पाणीच पाणी. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या धर्माबाहेरच्या एका साधूला या किनाऱ्यावर जागा दिली आणि गावाने ती आजवर राखली. तिथे उभे राहिल्यावर ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही.

खाली उतरलो तेव्हा भरती चढत होती. भरतीची वेळ ओळखायची कोकणातली रीत काकांनी शिकवली. तिथीला पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास पाणी भरणार. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. घड्याळ-कॅलेंडर नसतानाही आकाशातला चंद्र पाहून खाडीत होडी कधी घालायची, हे ठरवणारी ही रीत. आमच्या भूगोलाच्या बाईंनी लगेच त्यामागचे कारण उलगडले. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तासाचा हा ढोबळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेला. साडेसातला आम्ही मुद्दाम पाण्याच्या कडेशी जाऊन उभे राहिलो. पाणी ओल्या वाळूच्या कडेपर्यंत आले, थोडा वेळ रेंगाळले, आणि हळूच मागे सरू लागले.

रात्रीचे जेवण काकूंनी दिले. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, ओल्या काजूगरांची उसळ, आणि ज्यांना हवे त्यांना तळलेले बांगडे. ओले काजूगर सोलताना त्यांच्या चिकाने बोटे भाजतात. काकूंच्या बोटांवर तसे काळे डाग होते. आम्ही स्वयंपाकाचा स्टोव्ह घेऊन गेलो होतो, तो पिशवीतच राहिला. उघड्यावर राहायला जायचे आणि डबाबंद अन्न गरम करून खायचे, यापेक्षा त्या मातीतून उगवलेले ताटात घेणे किती चांगले. त्याचे पैसेही गावातल्या घरात राहतात.

जेवून वाडीच्या कडेला चटया टाकून पडलो. दिवे मालवले. माथ्यावर मृग नक्षत्र, त्याच्या मागोमाग व्याधाचा निळसर पांढरा तारा, आणि दक्षिणेला उटंबरच्या डोंगरावर अगस्ती. उत्तर भारतात अगस्ती क्षितिजाला टेकलेला असतो, कोकणातून तो चांगला वर आलेला दिसतो. पावसाळ्याच्या शेवटी पहाटे अगस्ती दिसू लागला की समुद्र निवळतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दूर पाण्यावर मासेमारीच्या बोटींचे दिवे हलत होते. त्या रात्री आम्ही फार काही बोललो नाही. एका मित्राची आई नुकतीच गेली होती. तो बराच वेळ गप्प होता, मग आपल्या आईविषयी सांगू लागला. शहरात भेटतो तेव्हा हे बोलणे कधीच होत नाही. कुणाला तरी निघायचे असते, कुणाचा तरी फोन वाजतो. इथे कुणाला कुठे जायचे नव्हते.

पहाटे चंद्राची कोर वर आली होती. गावातला कासवमित्र वाळूवर फेरी मारायला निघाला, त्याच्याबरोबर आम्हीही गेलो. टॉर्चवर लाल कागद, तीही गरज पडली तरच लावायची. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूवर येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा दाबते आणि परत जाते. घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. दीड-दोन महिने ती अंडी केवळ वाळूच्या उबेवर वाढतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, निवलेली असेल तर नर अधिक. पूर्वी ही अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे उकरून नेत. २००२ मध्ये शेजारच्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धन सुरू केले. त्यातून वेळासचा कासव महोत्सव उभा राहिला, आणि हे काम केळशी, आंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पोचले. आता वन विभागाच्या मदतीने गावोगावचे कासवमित्र घरटी शोधतात, अंडी जपून जाळीच्या कुंपणात हलवतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडतात.

त्या पहाटे वाळूवर नवा माग दिसला नाही. पण कुंपणातल्या एका घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा वाळू आतून हलत होती. एकेक करून काळसर पिल्ले वर आली. पाण्यापासून थोड्या अंतरावर ती सोडली आणि आम्ही सगळे मागे सरकलो. उचलून नेऊन पाण्यात ठेवायची नाहीत; वाळूवरून त्यांची त्यांनी चालत जायचे. काही सरळ गेली, काही फिरून आली, एक उताणे पडून हातपाय मारत राहिले आणि कुणाच्याही मदतीशिवाय सुलटे झाले. पहिल्या लाटेने ती परत वाळूवर आणली, दुसऱ्या लाटेने आत घेतली. कासवमित्र शांतपणे वहीत आकडा लिहीत होता. यातली फार थोडी मोठी होतील, हे त्याला ठाऊक होते, आणि तरी तो हिवाळाभर रोज पहाटे तीन किलोमीटर वाळू तुडवतो.

यातली एखादी कुठवर जाईल? २०२२ च्या जानेवारीत वेळास आणि आंजर्ल्याच्या माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली, तेव्हा प्रथमा आणि सावनी या नावांनी त्यांचा प्रवास नकाशावर दिसू लागला. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ओडिशात २०२१ साली लावलेला बिल्ला निघाला. पूर्वेच्या समुद्रातून भारताला वळसा घालून ती आपल्या रत्नागिरीच्या वाळूत आली होती. एवढा प्रवास करून येणाऱ्या पाहुणीला किनाऱ्यावर दोन हात मोकळी, अंधारी जागा हवी असते. आम्ही तंबू सुरूंच्या मागे लावले, एवढेच आमच्याकडून झाले. पण प्रत्येकाने तेवढे केले तरी पुरे आहे.

ऊन वर आल्यावर खाडीच्या मुखाकडे निघालो. केळशीची वाळूची टेकडी तिथे आहे. पन्नास फुटांहून उंच असा हा वाळूचा ढिगारा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विरळा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी इथे वर्षानुवर्षे काम केले. वाळूच्या थरांत त्यांना खापरे, कोळसा, मानवी अवशेष आणि मध्ययुगीन नाणी मिळाली. त्यावरून त्यांनी असे मांडले, की सोळाव्या शतकात एका मोठ्या सागरी लाटेने ही वाळू येथे आणून टाकली असावी. १५२४ च्या सप्टेंबरमध्ये वास्को द गामाच्या जहाजांचा तांडा दाभोळच्या बाजूला समुद्रात असताना पाणी अचानक हादरल्याची नोंद पोर्तुगीज इतिहासकारांनी केली आहे. त्या घटनेशी डॉ. मराठे यांनी टेकडीचा संबंध जोडला. काही भूशास्त्रज्ञांच्या मते वाऱ्याने शतकानुशतके वाळू साचत गेली आणि टेकडी झाली. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटायचा तर पुरावा टेकडीच्या पोटातच आहे.

ती टेकडी मात्र आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. सागरी महामार्गाच्या पुलासाठी तिचा काही भाग कापला गेला. कापलेल्या बाजूला उभे राहिले की थरांच्या फिक्या-गडद रेघा दिसतात. वाळू हाताने नुसती स्पर्शली तरी ओघळते. आमच्यातला एक मित्र बांधकाम अभियंता आहे, पूल बांधणे हा त्याचा व्यवसाय. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पूल थोडा इकडे-तिकडे करता येतो. हे पुन्हा करता येणार नाही." खाडीपलीकडे दवाखान्यात, बाजारात जायला गावाला पूल हवा, हे खरेच. लांबचा वळसा रोज घालणाऱ्याला टेकडीचे महत्त्व सांगणे सोपे नाही. पण किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांची घरटी असलेल्या जागा, दोन्ही सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत. केळशीत या दोन्ही एकाच किनाऱ्यावर आहेत. गावाची सोय आणि गावाचा इतिहास यांतले एकच निवडावे लागू नये, हे पाहणे नियोजन करणाऱ्यांचे काम आहे. आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे, हे तुमचे आमचे.

दुपारी सव्वादोनच्या सुमारास ओहोटी पूर्ण होणार होती. तंबू गुंडाळले, पुरलेल्या पिशव्या उकरून रेती जागच्या जागी ओतली आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे चालू लागलो. ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी मांडली होती, चिखल्या पक्ष्यांचे थवे लाटेबरोबर पुढे-मागे धावत होते, उंचावर एक समुद्री गरुड पंख न हलवता तरंगत होता. उटंबरच्या पायथ्याशी वाळू संपली, मग आम्ही चढून रस्त्याला लागलो आणि सड्यावरून आड्याला उतरलो. तिथल्या भार्गवरामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, देवळात थंड फरशीवर बसून काकूंनी बांधून दिलेली भाकरी खाल्ली. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवली, अशी कथा आहे. एका टोकाला समुद्राकडून जमीन मागून घेतल्याची ही कथा, आणि दुसऱ्या टोकाला समुद्राने गाव गिळल्याचा संशय असलेली टेकडी. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यावर माणसे पोफळी लावत राहतात.

हल्ली कोकणात किनाऱ्यावर तंबूंची गर्दी वाढते आहे, आणि ते वाईट नाही. माणसाने वर्षातून एकदा तरी जमिनीला पाठ लावून झोपावे, मित्राचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. पण या किनाऱ्यावर रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. सुरूंमागे कुणाची तरी पुन्हा लावलेली बाग असते, वाळूखाली अंडी असतात, टेकडीत पाचशे वर्षांची माणसे असतात. म्हणून केळशीला जाल तर आधी कुणाच्या तरी ओटीवर बसा आणि विचारा. जेवण गावात घ्या. नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत वाळूवर दिवा आणि शेकोटी नको, गाणी तर नकोतच. कासवमित्राबरोबर पहाटे चाला, टेकडी बघा, आणि परतल्यावर तिच्याविषयी चार लोकांना सांगा. ज्या किनाऱ्याला राखणारी माणसे आहेत तो किनारा टिकतो, आणि केळशीत अशी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहणे, हा पाहुण्याचाही धर्म आहे.